खाद्यपेयांची कूट शब्दकोडी मित्रांसोबत सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण्यापिण्याच्या शब्दांवरची कूट कोडी चारचौघांत बसून सोडवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. उदाहरणांची उत्तरं बहुतेक ठिकाणी सूत्राला, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेल्या ओळीला, लागूनच दिली आहेत. स्वतः डोकं चालवायचं असेल तर सूत्र वाचलं की पुढचा मजकूर हाताने झाका.

१. रोजचं शब्दकोडं आणि कूट शब्दकोडं यांत नेमका फरक काय?

रोजच्या कोड्यात सूत्र सरळ असतं: ‘डाळीचा पदार्थ, तीन अक्षरी’. उत्तर ‘वरण’. कूट कोड्यात त्याच वरणासाठी असं सूत्र येईल: ‘आणि युद्ध भातावर (३)’. ‘आणि’ म्हणजे ‘व’, ‘युद्ध’ म्हणजे ‘रण’, दोन्ही जोडले की ‘वरण’. राहिला शब्द ‘भातावर’. तो उत्तराचा अर्थ सांगतो.

म्हणजे प्रत्येक सूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक अर्थाची, दुसरी अक्षरांची. अर्थाचा भाग सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधोमध कधीच नसतो. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की उत्तर बरोबर आलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. मला या कोड्यांचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं.

२. कंसातला आकडा कशाचा? मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे का?

आकडा अक्षरांचा, आणि एका घरात एक अख्खं अक्षर. त्याची मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं त्यातच आलं. म्हणून ‘कोथिंबीर’ चार (को-थिं-बी-र) आणि ‘द्राक्ष’ फक्त दोन (द्रा-क्ष). उत्तर दोन शब्दांचं असेल तर आकडे स्वल्पविरामाने वेगळे येतात: ‘मसाला दूध’ (३,२).

३. सूत्र समोर आलं. आता सुरुवात कुठून करायची?

आधी सूत्रातली गोष्ट विसरा. ‘शेताकडच्यांच्या पोटात लोणी काढून उरलेलं (२)’ हे वाचलं की डोळ्यांसमोर शेत येतं, माणसं येतात, आणि आपण तिथेच अडकतो. गोष्ट दिशाभूल करायलाच रचलेली असते.

मग पहिले एकदोन शब्द अर्थ म्हणून चालतात का ते पाहा. नाही जमलं तर शेवटचे घ्या. इथे ‘लोणी काढून उरलेलं’ हा सरळ अर्थ दिसतो. उरलं ‘शेताकडच्यांच्या पोटात’. ‘पोटात’ म्हणतोय म्हणजे शब्दाच्या आत बघा: शे-ता-क-ड-च्यां-च्या. उत्तर ‘ताक’.

अर्थावरून ‘ताक’ आधीच सुचलं असेल तरी पोटातलं ताक सापडेपर्यंत थांबा. ही सवय का लावायची ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. काय करायचं हे सांगणारे खूणशब्द कोणते? यादी मिळेल का?

खाण्यापिण्याच्या कोड्यांची खरी गंमत इथेच आहे. स्वयंपाकघरातली क्रियापदं गोष्टही सांगतात आणि अक्षरांचं काय करायचं तेही सांगतात. दुसऱ्या कुठल्याही विषयाची कोडी रचणाऱ्याला इतकं तयार सामान मिळत नाही.

‘परतणं’ घ्या. कढईत परततात, माणूस घरी परततो, आणि कोड्यात शब्द उलटा होतो. ‘परतलेली जीभ कढईत तळली (२)’. जी-भ उलटं वाचा: भ-जी. ‘उलटणं’ तर उघडच आहे: ‘तरतरी देणारा हाच उलटला (२)’. हा-च उलटा केला की ‘चहा’. आणि मला फार आवडणारं: ‘उलटून बोलणारी ठमी जेवणाला चव आणते (२)’. ठ-मी उलटली की ‘मीठ’.

ढवळणं, घुसळणं, कालवणं, हलवणं, विस्कटणं यांतलं काही दिसलं की अक्षरांची अदलाबदल (प्रश्न ६). ‘सोलणं’ म्हणजे शब्दाची दोन्हीकडची अक्षरं काढून टाकणं: ‘सोलून निवडाल तो तेलात तळायचा (२)’. ‘निवडाल’ची पहिलं नि शेवटचं अक्षर ही सालं काढली की ‘वडा’. ‘गाळणं’ म्हणजे एखादं अक्षर वगळणं. भरणं, सारण, पोटात, आत टाकणं म्हणजे एका शब्दात दुसरं काही बसवणं. चिमूट, तोंड, पहिला घास, पहिला दाणा म्हणजे नुसतं पहिलं अक्षर. मुरलेलं किंवा दडलेलं म्हटलं की उत्तर छापलेल्या अक्षरांतच आहे.

ही यादी पाठ करू नका. एकच क्रियापद एका सूत्रात खूण असतं आणि दुसऱ्यात अर्थाचा भाग असतं. वरच्या भज्यांच्या सूत्रात ‘परतलेली’ ही खूण आहे, ‘तळली’ मात्र साधा अर्थ.

५. काही सूत्रांत खूणशब्दच नसतो. तिथे काय करायचं?

बहुतेक वेळा तिथे श्लेष असतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात, अक्षरांशी खेळ नसतोच. ‘शाळेने बोलावलेली भाजी (३)’: पालक. ‘आवड पिळून काढतात (२)’: रस. ‘भांडी लख्ख कर, मग तोंडात टाक (२)’: घास.

सूत्र फार आखूड असेल तर आधी श्लेषाचाच संशय घ्या. आणि दोन अर्थ एकाच जातीचे असतील असं धरून चालू नका. एक नाम तर दुसरं क्रियापद असू शकतं, जसं ‘पोचलं ते चहात ठेचून टाकलं (२)’. उत्तर ‘आलं’. हा शब्द इतका रोजचा आहे की नजर त्यावरून घसरून जाते. सूत्रातच ‘आलं’ दिसलं तर ते क्रियापद आहे की चहातलं, हे दोनदा तपासा.

कधी तीन अर्थ एकत्र येतात: ‘आत घुसा, रक्तवाहिन्या तुपात भाजा (२)’. शिरा, शिरा आणि पुन्हा शिरा.

६. अदलाबदल करताना मात्रा अक्षराबरोबरच फिरते की सुटी करता येते?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावरून होतात.

काटेकोर पद्धत अशी की अक्षर अख्खं फिरतं. ‘वेडंवाकडं बरसत उन्हातला दिलासा (४)’ यात ब-र-स-त ही चारही अक्षरं जशीच्या तशी जागा बदलतात आणि ‘सरबत’ होतं. कुणालाच हरकत घेता येत नाही.

सैल पद्धतीत व्यंजनं आणि मात्रा वेगवेगळी धरतात. मग ‘जागर’ हलवून ‘गाजर’ करता येतं, कारण ज, ग, र आणि एक काना दोन्हीकडे आहे. काटेकोर पद्धतीत हे बाद. तिथे ‘जा’ आहे, ‘गा’ नाही.

माझा कल काटेकोर पद्धतीकडे आहे. मात्रा सुट्या केल्या की शक्यता इतक्या वाढतात की सोडवणारा अक्षरं मांडायचं सोडून अंदाजाने उत्तर ठोकतो. मात्रेशी खेळायचंच असेल तर ते उघड सांगावं: ‘लवकर उठवणाऱ्याला सुरुवातीलाच काना दिला की किसायला मिळतं (३)’. ‘गजर’च्या पहिल्या अक्षराला काना दिला, ‘गाजर’ झालं. इथे लबाडी नाही, काना सूत्रातच आहे.

तुमच्या गटात कुठली पद्धत चालते हे पहिलं कोडं उघडण्याआधी ठरवा.

७. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचं काय? ‘आलं’ लिहायचं की ‘आले’?

दोन्ही बरोबर. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथलं अक्षर काय मागतंय ते बघा. ‘आं’ आणि ‘आ’ ही घरात वेगळी अक्षरं धरणं चांगलं. नवख्यांसाठी सूट द्यायची असेल तर आधी सांगून द्या.

ऱ्हस्व-दीर्घाची अडचण विभक्तीमुळे येते. ‘मीठ’चं ‘मिठात’ होतं, ‘दूध’चं ‘दुधात’. त्यासाठी साधा नियम पुरतो: उत्तर सूत्रात लपलेलं असेल तर छापलेली अक्षरं जशीच्या तशी घ्यायची, म्हणजे ‘दुधात’मध्ये ‘दूध’ दडलंय असं म्हणता येणार नाही. पण सूत्र एखाद्या शब्दावर काही करायला सांगत असेल तर त्याचं मूळ रूप धरायचं. ‘सारात’ म्हटलं तरी अक्षरं ‘सार’चीच.

८. जोडाक्षर फोडलेलं चालतं का?

खूण स्पष्ट असेल तर चालतं, पण बेताने. ‘प्रवासानंतर चंद्र किंचित कुरतडला की फळ (५)’. ‘सफर’ पुढे ‘चंद्र’, त्यातल्या ‘द्र’चा ‘र’ कुरतडला, ‘सफरचंद’ झालं. ‘किंचित’ शब्द इथे महत्त्वाचा आहे. तो सांगतो की अख्खं अक्षर काढायचं नाही. तो नसता तर ‘द्र’ पूर्ण गेला असता आणि हाती नुसतं ‘सफरचं’ उरलं असतं.

९. इंग्रजी शब्द वापरले तर ते फसवणं झालं का?

रोजच्या मराठी बोलण्यात असतील तर नाही. ‘सामान्य चहा भातावर ओततात (३)’: आम + टी, ‘आमटी’. ‘टी’ सगळ्यांना कळतं. ‘पाखडायचं साधन चमच्याने प्यायचं (२)’ या सूत्रात ‘सूप’ जुनं मराठीही आहे आणि आजचं हॉटेलातलंही. असा योगायोग वाया घालवणं चूक ठरेल. शब्दकोश उघडून शोधावा लागेल असा परभाषेतला शब्द मात्र नको.

१०. एका सूत्राची दोन उत्तरं निघाली. कुठलं बरोबर?

उलट करायची खूण मधोमध आली की हा पेच पडतो. बघा: ‘वाढायचं साधन उलटा तळलेला (२)’. वाढायचं साधन म्हणजे ‘डाव’, तो उलटा केला की ‘वडा’, आणि अर्थ ‘तळलेला’. किंवा तळलेला म्हणजे ‘वडा’, तो उलटा केला की ‘डाव’, आणि अर्थ ‘वाढायचं साधन’. दोन्ही उकली निर्दोष आहेत.

चौकटीचं कोडं असेल तर छेदणारं अक्षर निकाल लावतं. तोवर दोन्ही पेन्सिलने लिहून ठेवा. चौकट नसेल आणि सूत्र सुटंच असेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्या, कारण दोष रचणाऱ्याचा आहे. खूण एका टोकाला सरकवली की पेच मिटतो: ‘उलटलेला डाव तेलात तळला (२)’. इथे ‘वडा’च.

११. उत्तर बरोबर आलं तर उकल सांगायची सक्ती कशाला?

कारण गटात बसून सोडवण्याचा सगळा लाभ उकलीतच आहे. ‘गोडी आणणारी खसखशीचा पहिला दाणा सारात टाकते (३)’ हे सूत्र घ्या. चौघांतला एक लगेच ‘साखर’ म्हणतो. बरोबर आहे. पण उरलेल्या तिघांच्या हाती काय आलं? आता तोच जर म्हणाला, “गोडी आणणारी म्हणजे साखर असावी, पण खसखस का आणली आहे ते कळत नाही,” तर दुसरी म्हणते, “पहिला दाणा म्हणजे ख.” तिसरा म्हणतो, “सारात टाकते, म्हणजे सा आणि र यांच्या मध्ये.” चौथीने तोवर कागदावर सा-ख-र लिहिलेलंही असतं. उत्तर एकाचं, पण कोडं चौघांनी सोडवलं. पुढच्या वेळी ‘पहिला घास’ दिसला की चौघंही पहिलं अक्षर उचलतील.

आमचा ठाम आग्रह आहे: प्रत्येक अक्षराचा हिशेब लागल्याशिवाय उत्तर शाईने लिहू नये.

१२. किती जण असावेत? बसायचं कसं?

तीन ते पाच. सहाच्या वर गेलात तर दोन गट पडतातच, मग मुद्दाम पाडा. सगळ्यांना एकच कागद सरळ दिसेल असं बसा.

१३. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. हे चालेल?

श्लेषाच्या सूत्रांना चालतं. लपलेल्या शब्दांना अजिबात नाही, कारण दडलेली अक्षरं डोळ्यांना दिसावी लागतात. शिवाय वाचणारा नकळत गोष्टीप्रमाणे थांबे घेतो आणि खूण बुडते. ‘सोलून निवडाल’ हे त्याने एका दमात म्हटलं की ‘निवडाल’ हा सोलायचा शब्द आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सूत्र मोठ्या अक्षरांत लिहून मधोमध ठेवा. सपाट सुरात, शब्द सुटे सुटे करून वाचलं तरी बराच फरक पडतो.

१४. आमच्यातला एक जण सगळं पटापट सोडवतो आणि बाकीचे कंटाळतात. उपाय?

त्याला उत्तर सांगायची बंदी आणि इशारे द्यायची मुभा. इशाऱ्याला क्रम असावा. आधी अर्थ कुठल्या टोकाला आहे एवढंच सांगायचं. मग खूणशब्दावर बोट ठेवायचं. मग कुठल्या प्रकारचा खेळ आहे ते. अक्षर सगळ्यात शेवटी. पटाईत माणसाला हे काम मनापासून आवडतं असा अनुभव आहे. चांगला इशारा देणं उत्तर देण्यापेक्षा अवघड आहे.

१५. फोनवर शोधलं तर?

उत्तर शोधणं नको. सुचलेल्या शब्दाला तो दुसरा अर्थ खरंच आहे का, हे तपासायला हरकत नाही. सूप कशाला म्हणतात हे तरुण मंडळींना माहीत नसेल, तर ते कळणं हाही या खेळाचाच भाग आहे.

१६. मला स्वयंपाकातलं काही कळत नाही. जमेल का?

जमेल. पदार्थाची कृती कुठेच लागत नाही. लागतात क्रियापदं, आणि परतणं, ढवळणं, गाळणं, सोलणं यांचे अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत. उलट सुगरणी मंडळी कधीकधी सूत्रातल्या पदार्थाचा विचार करत बसतात आणि अक्षरांकडे बघायचं राहून जातं.

१७. आमच्या घरी त्याला वेगळाच शब्द आहे. तो धरायचा का?

अर्थ जुळतो, अक्षरं जुळतात आणि आकडाही जुळतो, तर धरायचा. पोळी की चपाती, भाकर की भाकरी हे कंसातला आकडाच सांगून टाकतो. एखादा शब्द फक्त एकाच घरात चालत असेल तर रचणाऱ्याने तो टाळावा.

१८. दोन वाटांचा नियम मोडणारी सूत्रं असतात का?

असतात. ‘ज्याला कापावं तोच रडवतो (२)’. इथे अक्षरांची वाट नाहीच, पूर्ण सूत्र म्हणजे आडवळणाने सांगितलेला अर्थ. उत्तर ‘कांदा’. अशा सूत्राला पुरावा नसतो, म्हणून चौकटीत एकदोनच असावीत आणि छेदणारी अक्षरं भरपूर मिळावीत.

१९. सूत्र अन्यायकारक आहे असं कधी म्हणता येतं?

तीन गोष्टी तपासा: अर्थ नेमका आहे का, अक्षरांची वाट प्रामाणिक आहे का, आणि सूत्रात फालतू शब्द आहे का. ब्रिटनमध्ये ‘झिमेनीज’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ साली हाच निकष मांडला. त्याआधी १९४९ मध्ये ‘ॲफ्रिट’ म्हणजे ए. एफ. रिची यांनी सांगितलं होतं की रचणाऱ्याचं बोलणं वरवर दिसतं त्या अर्थाचं नसलं तरी चालेल, पण त्याला जे म्हणायचंय ते सूत्रात असायलाच हवं. मराठीत रचतानाही मला यापलीकडे नियम लागलेला नाही.

२०. हा प्रकार आला कुठून?

छापील शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात आणलं. ते सरळ अर्थाचं होतं. कूट वळण ब्रिटनमध्ये लागलं. ‘टॉर्केमाडा’ या नावाने एडवर्ड पॉविस मॅदर्स १९२६ पासून ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात अशी कोडी रचत.

शब्द लपवायचा खेळ मात्र आपल्याकडे फार जुना. चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका, म्हणजे कूटप्रश्न, आहे. संस्कृत कवी दंडीने काव्यशास्त्र लिहिताना प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, आणि त्यांचा उपयोग काय हे सांगताना मित्रमंडळींच्या बैठकीतली करमणूक अगदी सुरुवातीला घेतली.

२१. स्वतः सूत्र रचायचं तर?

उत्तरापासून मागे या. खाण्यापिण्याचा दोनतीन अक्षरी शब्द घ्या, उलटा वाचा, मधून फोडा, त्यात दुसरा शब्द बसतो का पाहा. मका, वडा, रवा, भजी असे शब्द उलटे केले तरी अर्थपूर्ण राहतात हे एकदा कळलं की दिवसभर तेच दिसत राहतं. मग अर्थ आणि खूण यांना एका वाक्यात बांधणारी गोष्ट शोधा. ती पटण्यासारखी जमली नाही तर सूत्र बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी सुचतं.

२२. सरावासाठी काही सूत्रं द्याल का?

जरूर.

क) परतलेलं काम निखाऱ्यावर भाजतात (२)
ख) बसच्या तोंडाशीच निरोप, मग उकडून सोलायचा (३)
ग) आचार्यांचं आसन दळून आणलं (२)
घ) कशासाठी दाराला लावायची ती चिरून कोशिंबिरीत घालतात? (३)
च) उलटलेला वार भाजून ठेवतात (२)

उत्तरं: क) मका, ‘काम’ उलटं. ख) बटाटा, ‘बस’चं पहिलं अक्षर आणि ‘टाटा’. ग) पीठ, श्लेष. घ) काकडी, ‘का’ आणि ‘कडी’. च) रवा, ‘वार’ उलटा.